सटवोजी वाघमोडे यांचे खांद्याची बखर

॥ श्री ॥ ज्याचे सत्तेनें हात उचलतो, पाऊल पडतें आणि मान वळते, त्यास वंदन करून वर्तमान लिहिलें ऐसें जे. शके सोळाशें ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सर, राज्य थोर, प्रजा सुखी, आणि त्या राज्यांत सटवोजी वाघमोडे नामें सरदार होते. स्वारीपुढें सरकारचें निशाण धरावयाची चाकरी त्यांचे घराण्यांत पिढीजाद. त्या वर्षीं चैत्रांत त्यांचा उजवा खांदा दुखूं लागला, मग आखडला, आणि मग हात छातीच्या वर जाईनासा जाहला. सरदार कोणास बोलिले नाहींत. मुजऱ्याचा प्रसंग आला म्हणजे हात न उचलतां कमरेंतच लवत, आणि लोक म्हणत, सरदार अलीकडे फार नम्र जाहले. परंतु त्यांचें कुटुंब साळूबाई यांस सर्व ठाऊक, कारण अंगरख्याची बाही चढवितां सरदार दांतओठ खात. शेवटीं गोष्ट सेनापतींचे कानीं गेली आणि आज्ञा जाहली कीं, आश्विनांत मोहीम निघेल, निशाण उंच न राहिल्यास चाकरी दुसरियास द्यावी. तें ऐकून सरदारांचें अन्न तुटलें.

मग साळूबाई बोलिल्या, "पेठेंत मथुराबाई आठल्ये यांचें खासगी उपचारगृह आहे. फिजिओथेरपी नामें विद्या जाणतात. मी सांगून ठेविलें आहे, उद्यां सकाळीं जाणें." सरदार बोलिले, "बाईमाणसापुढें खांदा उघडा करावा?" साळूबाई बोलिल्या, "मी संगें येतें. निशाण गेल्यावर काय झाकाल?" तेव्हां सरदार दुसरे दिवशीं सैल बंडी घालून निघाले.

सरदारांचा समज ऐसा कीं, आपण पालथें निजावें, कोणी अंग रगडावें आणि बरें होऊन घरीं यावें. तेथें तों पहिली भेट प्रश्नांनींच सुरू जाहली. मथुराबाईंनीं आदरें बसविलें आणि पुसिलें कीं, कधींपासून दुखतें, कुशीवर निजवतें कीं नाहीं, पडलां होतां काय, मधुमेह वगैरे कांहीं आहे काय. मग पडदा ओढून म्हणाल्या, "हात लावूं काय? सोसवेना तर थांबा म्हणावें, मी थांबेन." सरदारांस आजवर कोणी ऐसें पुसिलें नव्हतें. बाईंनीं हात पुढें, बाजूस, पाठीमागें नेऊन पाहिला आणि बोलिल्या, "हाड मोडलें नाहीं. सांध्याची पिशवी आखडली आहे. सुटेल, पण सावकाश. अर्धें काम माझें, अर्धें तुमचें घरीं." आणि गरम शेक दिला, काठी दोहों हातीं धरून उचलावयास सांगितली, आणि भिंतीवर बोटें चालवीत हात वर नेण्याचा अभ्यास दिला. सरदार घरीं येऊन म्हणाले, "लढाया मारल्या त्या हातानें आतां भिंतीवर मुंगीसारखें चालावें काय?"

तथापि अभ्यास केला, आणि आषाढांत हात कपाळापर्यंत पोहोंचला. मग सरदारांस जोर आला. एके दुपारीं साळूबाई देवळांत गेल्या ऐसें पाहून त्यांनीं परसांत निशाणाचा सागवानी दांडा काढिला आणि एकदम डोकीवर उगारिला. खांद्यांत ऐसी कळ आली कीं दांडा तुळशीपाशीं पडला आणि सरदार ओट्यावर बसले. पुढील भेटीस हात पुन्हां छातीपाशीं. मथुराबाईंनीं पुसिलें, "मध्यंतरीं काय केलेंत?" सरदार बोलिले, "सांगितलें तेंच." बाई खांद्यावरील सूज बोटांनीं चाचपूं लागल्या. तेव्हां साळूबाई बोलिल्या, "सांगितलें तें नव्हे. दांडा उचलिला. मीं तुळशीची मोडली फांदी पाहिली." सरदार लाजून संतापले आणि म्हणाले, "तुमच्या विद्येंत सामर्थ्य असतें तर दांडा उचलला असता!" मथुराबाई रागावल्या नाहींत. बोलिल्या, "चूक माझीही आहे. तुम्हांस दांडाच उचलणें आहे, तर तो मीं आधींच पाहावयास हवा होता. उद्यां येतांना घेऊन या."

हें ऐकून सरदारांचा ताठा उतरला. खालीं पाहून म्हणाले, "बाई, चाकरी जाईल हें भय होतें. घाई जाहली." मग सूज उतरेतों विसावा जाहला, आणि पुढें दांडाच अभ्यासांत आला. प्रथम जमिनीस टेकवून, मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. डावा हात वर, उजवा खालीं, पाठ ताठ. जेथें दुखे तेथें सरदार सांगत, आणि जेथें सांगत तेथें बाई मार्ग काढीत. कमरपट्ट्यास चामड्याची खोळ लावून दांड्याचें बूड तींत बसवावें, हीही तोड त्या दोघांनीं मिळून काढिली. भाद्रपदांत बाई स्वच्छ बोलिल्या, "हात पूर्ववत् आकाशाकडे जावयास अजून अवकाश लागेल. निशाणापुरता मात्र आला."

आश्विनांत शिंगें वाजलीं. सरदार घोड्यावर बसले, बूड खोळेंत घातलें आणि दांडा उभा केला. वारा आडवा होता, कापड फडकलें, खांदा ठणकला, परंतु निशाण झुकलें नाहीं. वेशीबाहेर मैदान लागलें तों सेनापतींनीं घोडा शेजारीं आणिला. सरदारांस वाटलें, कांहीं उणें काढितात. सेनापती मान न वळवितां, सबंध धड फिरवून, हलके स्वरें बोलिले, "तुमचा खांदा सुटला तें उपचारगृह कोठें आहे? आमची मान मोहिमेपूर्वींपासून धरली आहे. कोणास बोलूं नका." सरदारांनीं पेठ सांगितली. सेनापतींनीं पुसिलें, "दुखतें काय?"

सरदार बोलिले, "थोडें दुखतें, महाराज. खोटें बोलाल तर फार दुखतें."

येणेंप्रमाणें खांदा सुटला, चाकरी राहिली, निशाण उंच राहिलें. जाणारानें सैल वस्त्रें ल्यावीं, खरें सांगावें, घरचा अभ्यास घरीं करावा. इतकेंच घडलें, इतकेंच लिहिलें. शुभं भवतु.