लहानूभाऊंच्या गिटारचं डोकं

आमचे शेजारी लहानूभाऊ कोणतीही गोष्ट समोरून पाहत नाहीत. डावा डोळा मिटतात, मान वाकडी करतात आणि बाजूने पाहतात. मग ते वांगं असो, चहाची किटली असो, नाहीतर फाटकात उभं असलेलं माणूस. एकदा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी भर उन्हात भिंतीला लावून उभं केलं होतं. त्याचं नाक त्यांना पसंत पडलं होतं.

हा सगळा खटाटोप एका गिटारच्या डोक्यासाठी. डोकं म्हणजे मानेच्या टोकाचा तो चपटा भाग, ज्यात तारा ताणायच्या सहा खुंट्या बसतात. बाकीची गिटार भाऊंनी स्वतःच्या हाताने तयार केली आहे. पोट शिवणीच्या लाकडाचं, मान सागवानाची. डोक्याच्या जागी मात्र अजून विटेसारखा ठोकळा आहे. हैदराबादला नोकरी करणाऱ्या प्रणयने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलाने, गिटार मागताना एकच अट घातली होती. डोकं बाजारातल्यासारखं नको, आपलं वेगळं पाहिजे.

अडचण भाऊंच्या हाताची. सिंदेवाहीच्या आमच्या गल्लीत तान्ह्या पोळ्याला पोरं जे चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर फिरतात, ते सगळे भाऊंनी केलेले. कचेरीत कारकुनी करत असतानाही त्यांचा हा उद्योग चालूच होता. माझ्या दोन्ही मुलींनी त्यांचेच बैल ओढले. इतकी वर्षं बैल कोरल्यावर त्या हातातून दुसरं काही निघेना. मोहाचं पान काढलं, त्याला वशिंड आलं. विळा काढला, त्याचं शिंग झालं. मोर काढला, तो वखराला जुंपायला निघाल्यासारखा दिसत होता.

मी यादी करून काम करणारी बाई. सकाळी डबे भरण्याच्या घाईत कुणी फाटकात उभं राहिलेलं मला चालत नाही. पण भाऊ उभे राहतात. हातात गिटार, ठोकळ्यावर कपड्यांच्या चिमट्याने लावलेलं पुठ्ठ्याचं नवं डोकं. पुठ्ठा बहुतेक माझ्याच माळ्यावरचा.

"बाजूनं पाहा, बाई. काय दिसते?"

"बैल."

"काऊन? धानाची लोंबी हाये ते."

"लोंबीला शिंगं नसतात, भाऊ."

"हव," म्हणतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

दर रविवारी प्रणयचा फोन येतो. भाऊंना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर आणि आमची भिंत एकच. वहिनी होत्या तेव्हा बोलायच्या त्याच. भाऊ मागून "विचार त्याले" एवढंच म्हणत. त्या गेल्यावर बापलेकाचा फोन माझी कणीक मळून होईपर्यंतही टिकत नसे. जेवला का, जेवलो. पाणी आला का, नाई आला. ठेवू का, ठेव. गिटारचा विषय निघाला आणि माझ्या सगळ्या पोळ्या होऊ लागल्या, तरी फोन चालूच. प्रणय फोटो पाहून म्हणायचा, "बाबा, कान लय मोठे झाले." भाऊ सांगायचे की त्या खुंट्या आहेत, कान नाहीत. मग दोघंही हसत सुटायचे.

पण अर्धवट काम मला बघवत नाही. एका शनिवारी मी कागद घेऊनच भाऊंकडे गेले. सहा खुंट्या बसल्या पाहिजेत, तारा सरळ गेल्या पाहिजेत आणि डोकं जड होऊन गिटार मांडीवरून लवंडता कामा नये, एवढ्याच तर अटी. त्यात बसणारा साधा आकार मीच काढला. वर निमुळता, दोन्हीकडे हलकं वळण. भाऊंनी तो उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला. बैल कुठेच नव्हता.

"जमलं, बाई," ते म्हणाले आणि ठोकळ्यावर रेघ मारली. सोमवारी करवत चालवायची ठरली.

रविवारी फोन आला. भाऊंनी डोकं ठरल्याचं सांगितलं. प्रणयने फोटो पाहिला, छान आहे म्हणाला.

"जेवला का?"

"जेवलो."

"पाणी आला का तिकडं?"

"नाई."

"ठेवू मंग?"

"ठेवा."

माझी पहिली पोळी तव्यावरच होती.

सोमवारी मी चहा घेऊन गेले. गिटारची मान बाकाला आवळलेली होती. करवतीचे दात रेघेवर टेकले होते, पण करवत चालत नव्हती.

"एकदा कापलं का झालं, बाई," भाऊ म्हणाले. "मंग काई बोलाचं राहत नाई."

मी कप खाली ठेवला. डावा डोळा मिटला, मान वाकडी केली.

"भाऊ, जरा बाजूनं पाहा. बैलच दिसतो."

ते पाहत राहिले. "कुठी?"

"हे काय, वळणावर. वशिंड आहे."

भाऊंनी रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समोरून.

"हव ना," ते हळूच म्हणाले. "मलेबी तसंच वाटून राह्यलं होतं."

करवत खिळ्याला अडकवून ते खोडरबर शोधू लागले. मी घरी आले आणि नव्या कुकरचा पुठ्ठ्याचा खोका रिकामा करून कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे दिला.