तिसऱ्या केबिनमधले बावन्न सेकंद

संस्थेच्या मोठ्या सभागृहात मागच्या भिंतीला पाच काचेच्या केबिनी होत्या, आणि त्यांपैकी तिसरीत ती गेली नऊ वर्षं हंगामी होती. हंगाम कोणता, हे कुणी विचारलं नव्हतं. दर अकरा महिन्यांनी तिला लेखी कळवण्यात येई की तिची गरज संपली आहे, आणि दोन दिवसांनी कळवण्यात येई की ती पुन्हा निर्माण झाली आहे.

रोज सकाळी फाटकावरच्या बाई विचारत, "कोणाला भेटायचंय?"

सुरुवातीला ती सांगायची की मी इथेच काम करते.

"कायम आहात का?"

"नाही."

"मग कोणाला भेटायचंय?"

शेवटी ती वहीत स्वतःचंच नाव लिहू लागली, आणि 'अभ्यागत' छापलेली कागदी चिकटपट्टी लावून रोज स्वतःला भेटायला आत जाऊ लागली. चिकटपट्टी दुपारपर्यंत निघून यायची. कायम लोकांना गळ्यात घालायचं प्लॅस्टिकचं कार्ड मिळे, फोटोसकट. तिला ते कार्ड हवं होतं. या गोष्टीत तिला दुसरं काहीही नको आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काम दुभाषीचं. कानाने एक भाषा घ्यायची, तोंडाने दुसरी द्यायची, दोन्ही एकाच वेळी, आणि मध्ये स्वतःला कुठे घुसू द्यायचं नाही. अध्यक्षांची भाषा फक्त तिसऱ्या केबिनला कळत असे. ती त्यांचं बोलणं सामाईक भाषेत सांगायची. उरलेल्या चार केबिनी तिचं ऐकून आपापल्या भाषांत सांगायच्या. म्हणजे अध्यक्ष काय म्हणाले, हे सभागृहातल्या चारशे माणसांना तिच्यामुळे कळे. कधीकधी अध्यक्षांनाही, असं तिचा जोडीदार म्हणायचा.

जोडीदाराला सगळे अर्धातास म्हणत. केबिनमध्ये दोघांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने आलटून पालटून बोलायचं असतं, आणि हा गृहस्थ आपल्या पाळीच्या आधी एक शब्द बोललेला नव्हता, नंतरही नाही. तिसावं मिनिट भरलं की वाक्य जिथे असेल तिथे ठेवून तो पाणी प्यायला उठायचा. तोही हंगामीच होता, पण त्याला घाई नव्हती.

सगळं सुरळीत चाललं असताना एका प्रतिनिधीने तक्रार केली. भाषण चालू असताना आपल्या हेडफोनमध्ये अचानक सामसूम झाली, आपल्याला वाटलं सभा संपली, आपण निघून गेलो, आणि जेवण चुकलं. जेवणाचा विषय असल्यामुळे चौकशी तातडीने झाली. चौकशीत निष्पन्न झालं की त्या वेळी वक्ता विचार करत होता.

*परिपत्रक. हेडफोनमधून तीन सेकंदांहून अधिक काळ आवाज न आल्यास तो सेवेतील खंड समजण्यात येईल. कारण विचारात घेतले जाणार नाही. प्रत्येक केबिनमध्ये खंडदर्शक लाल दिवा बसवण्यात येत आहे. एका वर्षात तीन वेळा दिवा लागल्यास संबंधिताची गरज कायमची संपली, असे समजण्यात येईल.*

नऊ वर्षांत तिच्या बाबतीत 'कायम' हा शब्द कागदावर आला तो असा.

पहिला दिवा एक वक्ता पाणी पीत असताना लागला. दुसरा, एका माजी अध्यक्षांच्या शोकसभेत. पर्यवेक्षकांनी तिला बोलावून घेतलं.

"साहेब, दोन मिनिटं मौन होतं. अख्खं सभागृह उभं होतं. मीसुद्धा उभी होते."

"उभं राहायला कुणाची ना आहे?"

"मग मी काय बोलायला हवं होतं?"

"मौन सभागृहाचं होतं, मॅडम. सेवा आपली होती. दोन मिनिटं लोकांच्या कानात काही नाही. एकाने तर बिचाऱ्याने सेल बदलून पाहिले."

पर्यवेक्षक माणूस वाईट नव्हते. त्यांनी खणातून एक कागद काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या हातात ठेवला. "मी तुमच्या बाजूचा आहे. पाठ करा. यंदा तिसरा दिवा लागला नाही, तर वार्षिक सभा झाल्यावर तुमची फाइल वर पाठवतो."

"वर म्हणजे कुठे?"

"वर," पर्यवेक्षक म्हणाले आणि छताकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. छताला पंखा होता.

*रिकाम्या वेळेत वापरावयाची मंजूर वाक्ये (एकूण वीस). ही वाक्ये कोणत्याही भाषणात कोठेही घातली तरी अर्थात फरक पडत नाही, याची खात्री करून घेण्यात आली आहे. क्र. ४: या संदर्भात सर्व घटकांना विश्वासात घेण्यात येईल. क्र. ९: याचे दूरगामी परिणाम आपण सर्व जाणतोच. क्र. १७: याबाबत उपसमिती नेमावी, असे मी सुचवतो.*

सराव घरी करावा लागला. घरात एक नवरा होता आणि तो या कामासाठीच घडवल्यासारखा होता. तो इमारतींचे नकाशे काढायचा आणि बोलायचासुद्धा तसाच: एक रेघ ओढायची, लांब होऊन बघायची, मग दुसरी.

"मला वाटतं की," तो आमटीत चमचा धरून म्हणायचा आणि थांबायचा.

एक, दोन.

"की पडदे जुने झालेत," ती म्हणायची.

पडदे आले. त्याच रीतीने पुढे एक मांजर आलं, आणि नणंदेची मुलगी शिकायला येऊन राहिली. नवऱ्याने विरोध केला नाही असं नाही. विरोधाची वाक्यं त्याने दोन-तीनदा सुरू केली होती. ती तिने पूर्ण केली.

वार्षिक सभेच्या दिवशी ती घासूनपुसून तयार होती. दोन दिवे गेलेले, एक शिल्लक. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. पाच पानं व्यवस्थित पार पडली. सहाव्या पानाच्या शेवटी त्यांनी चष्मा सावरला.

"म्हणून आज या संस्थेपुढे खरा प्रश्न एकच आहे," ते म्हणाले, "आणि तो आज, इथेच निकालात काढायला हवा. तो प्रश्न म्हणजे..."

सेकंद १. अध्यक्षांनी पान उलटलं.

सेकंद २. खाली आठवं पान होतं. सातवं नव्हतं.

सेकंद ३. तिने अर्धातासकडे पाहिलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि चार बोटं दाखवली. त्याच्या पाळीला चार मिनिटं होती.

सेकंद ४ उजाडू न देता ती बोलली: "...तो प्रश्न म्हणजे, ज्याचे दूरगामी परिणाम आपण सर्व जाणतोच."

सेकंद ९. चार केबिनींनी ते चार भाषांत सांगितलं. चारशे माणसांनी माना डोलावल्या. सगळे जाणत होते.

सेकंद १८. अध्यक्ष वाकून टेबलाखाली शोधू लागले. सभागृहाला वाटलं, गंभीर झालेत. तिने सर्व घटकांना विश्वासात घेतलं.

सेकंद ३१. मंजूर वाक्यांपैकी चौदा संपली. अर्धातास पाणी पीत होता.

सेकंद ४४. अध्यक्ष हातात एक कागद घेऊन वर आले. तो सरळ केला. तोंड उघडलं.

सेकंद ४६. पण ती वाक्यात होती, आणि वाक्य सतरावं होतं. "...याबाबत उपसमिती नेमावी, असे मी सुचवतो."

सेकंद ५२. टाळ्या. उपसमिती म्हणजे आज काही ठरवायचं नाही, आणि आज काही ठरवायचं नाही म्हणजे जेवण वेळेवर. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अध्यक्षांनी कागदाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. इतक्या टाळ्या त्यांना आयुष्यात पडल्या नव्हत्या. त्यांनी कागद हळूच खाली ठेवला.

"धन्यवाद," ते म्हणाले.

"धन्यवाद," ती म्हणाली. त्या मिनिटातला तेवढाच अनुवाद.

दिवा लागला नव्हता.

दुपारी सफाईच्या मावशी केबिनच्या दारात आल्या. हातात एक पान. "व्यासपीठावर पडलं होतं. तुमच्या त्या भाषेतलं दिसतंय. टाकू का?"

सातवं पान होतं. तिने वाचलं.

*...आपल्या हंगामी सहकाऱ्यांचा. वर्षानुवर्षे काचेमागे बसून जे आपले म्हणणे एकमेकांपर्यंत पोचवतात, तेही त्यांतच आले. या सर्वांना आजपासून कायम करावे, असा ठराव मी मांडतो. याला उपसमितीची गरज नाही.*

अर्धातासने तिच्या खांद्यावरून वाचलं, दोनदा.

"मी असतो तर गप्प बसलो असतो," तो म्हणाला.

"तुम्हाला काय जातंय. तुमचे तिन्ही दिवे शिल्लक आहेत."

"तेच तर म्हणतोय, ताई."

ती पान घेऊन पर्यवेक्षकांकडे गेली. "साहेब, अध्यक्ष तेव्हा गप्प होते. उपसमिती मी म्हणाले."

"दिवा लागला का?"

"नाही."

"मग ते गप्प नव्हते."

तिने पान पुढे केलं. पर्यवेक्षकांनी ते सुलटं धरलं, उलटं धरलं. "काय लिहिलंय?"

तिने सांगितलं.

"हे तुम्ही सांगताय," पर्यवेक्षक सावकाश म्हणाले. "हंगामी लोकांना कायम करा असं यात लिहिलंय, हे एका हंगामी बाईने सांगायचं. मॅडम, बरं दिसतं का ते? त्यापेक्षा अध्यक्षांनाच विचारू."

त्यांनी फोन लावला. अध्यक्षांना सामाईक भाषा येत होती, पण ती येते असं दाखवण्यापुरतीच. तेव्हा दोघांच्या मध्ये दुभाषी लागणार होता. पर्यवेक्षकांनी फोन तिच्या हातात दिला.

"त्या पानाचं विचारताय होय," अध्यक्ष प्रसन्न आवाजात म्हणाले. "अहो, ते राहू द्या आता बाजूला. उपसमितीचं केवढं कौतुक चाललंय. इतकं नेमकं मला ऐनवेळी कसं सुचलं, माझं मलाच नवल वाटतं."

पर्यवेक्षक पेन उघडून बसले होते. ती जे सांगेल ते ते लिहिणार होते. या खोलीत अध्यक्षांची भाषा कळणारं दुसरं कुणी नव्हतं. 'आजच कायम करा, म्हणाले' एवढंच म्हटलं की काम झालं असतं. सकाळी चारशे लोकांसमोर तिने अध्यक्षांच्या तोंडी एक मिनिट घातलं होतं; इथे चार शब्दांचा प्रश्न होता. प्लॅस्टिकचं कार्ड तिला दिसायला लागलं. त्यावरच्या फोटोत ती थोडी हसत होती.

तीन सेकंद गेले. चार गेले. सहा गेले. खोलीत दिवा नव्हता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पान बाजूला ठेवा," ती म्हणाली.

पर्यवेक्षकांनी ठेवलं.

उपसमिती नेमली गेली. समितीपुढे पहिला विषय, तो एकमेव खरा प्रश्न कोणता, हा होता. सदस्यांनी एकमेकांना विचारून पाहिलं. आपल्याला माहीत नाही असं कोणीच कबूल केलं नाही, त्यामुळे काम जोमाने सुरू झालं. प्रश्न ठरेपर्यंत संस्थेतल्या सगळ्या फाइली थांबवण्यात आल्या. तिची वर निघालेली फाइल जिन्यात थांबली. उपसमितीत अध्यक्ष पदसिद्ध असल्यामुळे दुभाषी आवश्यक होता. त्या जागेवर तिची नेमणूक झाली. अकरा महिने, हंगामी.

नेमणूक झाली त्या संध्याकाळी ती जेवायला बसली तेव्हा चिकटपट्टी अजून कपड्यावर होती. नणंदेची मुलगी म्हणाली, "मामी, तू घरीसुद्धा अभ्यागत का?" नवऱ्याने आमटी वाढून घेतली. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.

"मला वाटतं की," तो म्हणाला आणि थांबला.

वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिने घास तोंडात घातला आणि तोंड बंद ठेवलं.

एक. दोन. तीन. चार. मांजराने अंग झाडलं. पाच. नवऱ्याने चमकून वर पाहिलं. त्याला इतका वेळ कुणी दिला नव्हता. सहा. सात.

मग तो बोलला. पूर्ण वाक्य, शेवटापर्यंत. ती म्हणाली, "हे तू मला कधीच का नाही सांगितलंस?" आणि मुलीने खाली मान घालून हसू दाबलं.

तो म्हणाला ते असं:

…………

वरची ती ओळ रिकामी राहिली आहे. वाक्य लिहून तयार होतं. पण ती घास तोंडात धरून सात सेकंद थांबली होती, तेवढ्यात तुम्ही वाचकांनी ते पूर्ण करून टाकलंत. तो म्हणाला असणार, सोडून दे ती नोकरी. किंवा, मला ते पडदे कधीच आवडले नव्हते. जे काही तुम्ही घातलं असेल ते शोभून दिसतंय, आणि मुख्य म्हणजे खंड पडला नाही. तेव्हा इतिवृत्तात तुमचंच घेतलं आहे. त्याचं काय होतं, असं विचारायला उद्या कुणी आलंच, तर दिवा लागला नव्हता, एवढं सांगा.