आपली मागून येते

स्कूटर तिरपी लावली म्हणून मला आजवर एकाच माणसाने पुन्हा लावायला लावली आहे, आणि तो ट्रॅफिक पोलीस नव्हता. ते आमचे काकाजी.

नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या छोट्या खाजगी शाळेच्या गेटशी काकाजी शाळा सुटायच्या कितीतरी आधी खडू घेऊन हजर असत. रस्त्यावर रेघा मारत. नर्सरीच्या गाड्या डावीकडे, चौथीच्या उजवीकडे. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं, त्यामुळे ते काढूनही घेता येत नव्हतं.

"ओ सानवीचे पप्पा, हे काय सदरचं मार्केट आहे का? सरळ लावा."

गेटवर कोणालाच स्वतःचं नाव नव्हतं. मी सानवीचा पप्पा, तर एक वकीलबाई आरवची मम्मी. कोर्टात लोक त्यांना वचकून असत. इथे काकाजी त्यांना झापत, "उन्हाचं पोराले टोपी काहून नाही देत वं?" दुसऱ्या दिवशी टोपी यायची.

काकाजी नातीला घ्यायला येत, पण ती नात आम्हाला कधी दिसली नाही. विचारलं की म्हणत, "आपली मागून येते." नागपूरच्या उन्हात मागून येणाऱ्यांसाठी कोण थांबतं? आम्ही आपापली पोरं घेऊन निघायचो.

मग शाळा बंद होणार असं कळलं. मोठ्या शाळांच्या एसी बस गल्लीत शिरल्या होत्या, पोरं कमी होत गेली आणि संस्थेने जागा लग्नाच्या लॉनसाठी विकली. शेवटच्या पालकसभेत सगळ्यात जास्त भांडले ते काकाजी.

"लग्नं काय रोज होतात का जी? लेकरं रोज येतात."

मुख्याध्यापिका थकल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "काकाजी, तुमची नात ईश्वरी तर कधीचीच पुण्याला गेली. तुम्ही कोणासाठी भांडून राहिले?"

काकाजी खाली बसले.

"पोराची बदली झाली, ते गेले सारे. पण दुपार झाली की पाय इकडंच येतात जी. घरी बोलाले कोण आहे? इथं सारे ओळखतात."

मला फार वाईट वाटलं. वकीलबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली. शाळा काही वाचली नाही.

बाहेर पडताना त्यांनी मला गाठलं. "सानवीले कुठं टाकून राहिले?"

"हिंगणा रोडच्या मोठ्या शाळेत. तिथं गेटशी उभं राहू देत नाहीत, काकाजी. बसच आणून सोडते."

"बस सोडते कुठं?"

"मोठ्या चौकात."

"मंग बरं आहे. मले जवळ पडते."

त्यांचं घर शाळेच्या मागे. चौक तिथून चांगलाच लांब आहे.

"मला रोज सुट्टी मिळणार नाही," आजवर रोज गेटवर येणारा मी म्हटलं. "तुम्ही घ्याल का तिला उतरवून?"

काकाजींनी खिशातला खडू चाचपला. मग आवाज चढवून म्हणाले, "टाइम सांगा ना मंग. नुसतं बस येते म्हणून चालते का?"