अतिवाहक पट्टी तयार करण्याची सुधारित पद्धत

विजेला वाटेत कोणी अडवू नये, हा विचार मूलतः उदात्त आहे. म्हणूनच एका संशोधन संस्थेत उच्च तापमानाच्या अतिवाहक पट्ट्या तयार होत. (इथे उच्च तापमान म्हणजे शून्याखाली एकशे ऐंशी अंश, शास्त्रज्ञांचा उकाडा तेवढाच असतो.) धातूच्या पट्टीवर चिनीमातीच्या जातीचा काळा लेप द्यायचा, तो भट्टीत भाजायचा आणि ऑक्सिजन सोडत अठरा तास सावकाश गार करायचा.

भट्टी सव्वीस वर्षं तिथल्या जुन्या कामगार मावशींच्या हाती होती. नव्या संचालकांनी अठराचे चार तास केले.

"साहेब, लेपाला ऑक्सिजन पोटात घ्यायला वेळ लागतो," मावशी म्हणाल्या.

"मावशी, वेळ आहे कोणाकडे?"

सदतीस पट्ट्या वाया गेल्या. सहामाहीत एकही पट्टी चालली नाही तर विभाग बंद, असा वरून हुकूम आला. मावशींची झोप उडाली. संचालकांनी तातडीने चौकशी समिती नेमली आणि चौकशी संपेपर्यंत भट्टी उघडायची सर्वांना बंदी केली.

आत अडतिसावी पट्टी भाजून तयार होती. मावशींनी आच बंद केली, ऑक्सिजन मात्र चालू ठेवला. (तसा आदेश नव्हता, बंद करण्याचाही नव्हता.) समिती दोन दिवस बसली. पहिला दिवस अध्यक्ष कोण, यातच गेला.

तिसऱ्या दिवशी पट्टी चाचणीसाठी अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली. विजेला अडथळा : शून्य. मावशींना रडूच कोसळलं.

समितीचा निष्कर्ष निर्विवाद होता. बैठकीविना सदतीस पट्ट्या, यश शून्य टक्के. बैठकीसह एक पट्टी, यश शंभर टक्के. सुधारित पद्धत ठरली : लेप, भाजणी, बैठक.

"अहो, भट्टी कोणी उघडली नाही म्हणून झालं ते!" मावशी कळवळून म्हणाल्या.

"आणि का उघडली नाही? बैठक होती म्हणून!" संचालक प्रसन्नपणे म्हणाले. एवढ्या बारकाईने विचार करणारी बाई भट्टीपाशी वाया जाते आहे, हे ओळखून त्यांनी मावशींना समितीवरच घेतलं.

पहिल्या बैठकीत मावशींनी लेखी हरकत घेतली. दुसरीत तोंडी घेतली. तिसऱ्या बैठकीत सुधारित पद्धतीचा अहवाल सह्यांसाठी फिरत फिरत त्यांच्यापुढे आला. खुर्ची मऊ होती, दहा सह्या आधीच झाल्या होत्या आणि सगळे घरी जायला खोळंबले होते. मावशींनी अकरावी केली.

त्यांच्या जागी आपण असतो तर सही केली नसती, असं आपल्याला वाटत असेल. दुसऱ्या बैठकीपर्यंत मावशींनाही तसंच वाटत होतं.