तीन वायरी, दोन अधिकारी

आमच्या घरात बाहेरच्या खोलीत पूर्वी सोफा होता. आता तिथे सीएनसी राउटर आहे. ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कॉम्प्युटर सांगतो तसं लाकूड कोरणारं ते एक टेबल असतं. टेबलावर एक मोटर इकडून तिकडे सरकते, तिला स्पिंडल म्हणतात, आणि स्पिंडलच्या टोकाला पातं गरगर फिरत असतं. हे यंत्र माझ्या पत्नीचं, वनमालेचं. शाळेत हस्तकला शिकवायची नोकरी सोडल्यावर तिने ते आणवलं, स्वतः बसवलं आणि स्वतः शिकली. मी त्या काळात सोफा कुठे ठेवायचा याचा विचार करत होतो. (तो अजून चालू आहे. सोफा गच्चीत आहे.)

ग्वाल्हेरात आमच्या जयेंद्रगंजातल्या अर्ध्या घरांच्या दारावर आता वनमालेने कोरलेल्या नावाच्या पाट्या आहेत. पण या यंत्रात एक खोट होती. स्पिंडल फिरायचं ते एकाच वेगाने. आंब्याच्या फळीवर चालून जायचं, सागावर मात्र कडा करपायच्या. म्हणून तिने स्पीड कंट्रोलर मागवला. स्पिंडलला लागतील ते आकडे विकणाऱ्याकडूनच भरून घेतले. तो डबा शनिवारी आला आणि रविवारी सकाळी तिला हजीऱ्याला, तिच्या मंदामावशीकडे पूजेला जायचं होतं.

"मी आल्यावर जोडते," ती चपला घालताना म्हणाली. "तुम्ही कशाला हात लावू नका."

"नाही लावत," मी म्हणालो. आणि खरंच लावला नाही. मी स्क्रूड्रायव्हर लावला.

त्यामागे प्रेम होतं हे आधीच सांगून टाकतो. त्या दिवसांत टेबलावर जी सागाची लांबरुंद फळी आवळून ठेवली होती ती आमच्याच बँकेची होती. आमची बँक आणि फूलबागेकडची दुसरी एक बँक यांचं विलीनीकरण झालं होतं. दोन शाखांची एक शाखा झाली. दोन तिजोऱ्या, दोन पाणी थंड करायची यंत्रं, दोन पंखे पुसणारे, आणि प्रत्येक टेबलावर समोरासमोर दोन अधिकारी. हे सगळं एकमेकांत बसवायची जबाबदारी माझ्यावर होती, कारण मी इंटिग्रेशन अधिकारी. नव्या शाखेत लावायचा लाकडी बोर्ड वनमालेला मिळाला होता. कुठल्याही ऑफिसचं तिचं हे पहिलंच काम. बुधवारी मोठे साहेब येऊन बोर्डावरचा पडदा ओढणार होते. निम्मी अक्षरं, म्हणजे आमच्या बँकेचं नाव, जुन्याच वेगात जपून जपून कोरून झाली होती. उरलेली, म्हणजे त्यांच्या बँकेचं नाव, कंट्रोलर बसल्यावर कोरायची होती.

मी विचार केला, आपण दोन बँका जोडल्या, तीन वायरी काय जड आहेत. ती दमून येईल आणि बघेल तर काम झालेलं.

डबा उघडला. आतलं माहितीपत्रक ज्याने इंग्रजीत आणलं होतं त्याला इंग्रजी कोणी शिकवलं असेल याची काळजी वाटली. शेवटी मी संभाजीराव शितोळ्यांना फोन लावला. हे त्या दुसऱ्या बँकेतले माझ्या समोरच्या खुर्चीतले अधिकारी. पणजोबा घोडदळात होते, त्यामुळे संभाजीरावांना कुठल्याच यंत्राची भीती वाटत नाही.

"संभाजीराव, स्पीड कंट्रोलर जोडतोय. पण अर्थ लागत नाहीये."

"अर्थ नाही लागला तर मग चालूच करू नका गोपाळराव. शॉक लागेल."

"अहो, मी फक्त वाचतोय."

"वाचलात ना, मग बसा तसेच. मी आलोच. मिळून करून घेऊ."

माहितीपत्रकाचा अर्थ आणि जमिनीत जाणारी अर्थची वायर यांची उकल ते घरी आल्यावर झाली. तोवर त्यांनी येताना पायात रबरी चपला घातल्या होत्या आणि माझ्यासाठीही एक जोड आणला होता. (मला दोन नंबर मोठा. तरी घातला.)

मेन स्विच बंद करून कामाला लागलो. भिंतीकडून कंट्रोलरमध्ये येणाऱ्या वायरी सरळ होत्या. कंट्रोलरमधून स्पिंडलकडे जायला वनमालेने एक खास वायर आणून ठेवली होती. जाड, ताठ, आणि आत तांब्याची जाळी गुंडाळलेली.

"ही तर टीव्हीची दिसते," संभाजीराव म्हणाले. "किती कडक आहे, वळतसुद्धा नाही. दुसरी काही मुलायम नाही का?"

मुलायम वायर घरात एकच होती, कूलरची. मे महिन्यात ग्वाल्हेरात कूलरची वायर काढणारा माणूस शुद्धीवर नसतो असं कोणीही म्हणेल. पण आम्ही त्या वेळी कर्तव्यावर होतो.

आता स्पिंडलला तीन वायरी आणि कंट्रोलरवर तीन जागा.

"डावीकडून सुरू करू," मी म्हणालो.

"आमच्या बँकेत उजवीकडून करायचे," संभाजीराव म्हणाले.

"काय उजवीकडून करायचे?"

"सगळंच."

थोडी बोलाचाली झाली. मग ऑफिसात करतो तसंच केलं. एक वायर माझ्या मताने, एक त्यांच्या मताने, आणि उरलेली जी जागा उरली तिथे. दोन्ही बँकांचे रजेचे नियम आम्ही याच पद्धतीने जोडले होते आणि त्यात कोणीही समाधानी नसल्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

मेन स्विच चालू केला. कंट्रोलरवर लाल आकडे उजळले. गोल बटण हळूच फिरवलं आणि स्पिंडल गुणगुणायला लागलं. बटण वाढवलं तसा आवाज वाढला, कमी केलं तसा उतरला. आम्ही दोघे एकमेकांकडे बघून हसलो. विलीनीकरण झाल्यापासून पहिल्यांदाच.

इथे थांबायला हवं होतं.

"वहिनींना सरप्राइझ देऊ," संभाजीराव म्हणाले. "आमच्या बँकेचं नाव बाकी आहे ना? कोरून ठेवू. कॉम्प्युटरमध्ये तर सगळं भरलेलंच आहे. बस, चालू करायचं."

त्यांच्या बँकेचं नाव बाकी आहे ही गोष्ट त्यांना आल्यापासून सलत होती, हे मला दिसत होतं. मीही मनाचा मोठेपणा दाखवला. पूर्ण वेग लावून काम सुरू केलं.

पातं फळीवर टेकलं आणि बेल वाजली. आमची बेल चिमणीसारखी चिवचिवते. मी जाऊन दार उघडलं. कोणी नाही. परत आलो तर पुन्हा बेल. संभाजीराव गेले. कोणी नाही. जिना उतरून कोपऱ्यापर्यंत पाहून आले. "पोरं त्रास देतायत," ते धापा टाकत म्हणाले. "आता उठायचंच नाही. वाजू दे."

बेल वाजत राहिली. आम्ही कूलरशिवाय घामाने निथळत, खुर्च्या यंत्राजवळ ओढून बसलो. भुसा का पडत नाही, असं माझ्या मनात आलं. पण पातं तर फिरत होतं, आवाज तर भरपूर होता. मग वास आला. आधी खमंग, मग करपट.

"साग असाच वास मारतो," संभाजीराव म्हणाले.

मग धूर आला. साग असा धूर मात्र काढत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. त्याच वेळी यंत्र आपला रस्ता सोडून तिरकं निघालं, आणि संभाजीरावांच्या बँकेच्या नावावरून खालून वरपर्यंत एक काळी रेघ ओढत गेलं. थेट रद्द चेकवर मारतात तशी.

"गोपाळराव," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे तुम्ही मुद्दाम केलं का?"

मी लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं. बेलसुद्धा थांबली. पण दारावर थापा ऐकू यायला लागल्या, आणि त्या बऱ्याच वेळापासून पडत असाव्यात, कारण त्यांच्यात आता उत्साह राहिला नव्हता.

दारात वनमाला होती. एका हातात प्रसाद, दुसऱ्या हातात नारळ, पदर डोक्यावर, चेहरा लालभडक. बाहेर लूच्या गरम झळा वाहत होत्या आणि ती तिथे उभी राहून आधी बेल, मग दार वाजवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मोठ्या रबरी चपलांकडे पाहिलं, मग नाक वर करून हुंगलं. आणि सरळ आत गेली.

फळीपाशी ती उभी राहिली तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त त्या काळ्या रेघेवर बोट फिरवलं आणि बोट पदराला पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते धुराने आलं असं समजायची मला फार इच्छा होती.

"वहिनी, चूक आमच्या दोघांची आहे," संभाजीराव म्हणाले.

"हो, ते दिसतंय," ती म्हणाली. "एकट्याने एवढं नाही होत."

मग प्रसाद आम्हा दोघांच्या हातावर ठेवून ती कामाला लागली. मी माझ्या पत्नीला लग्नाच्या इतक्या वर्षांत स्वयंपाक करताना पाहिलं आहे, भांडताना पाहिलं आहे, पण काम करताना असं समोर बसून पाहिलं नव्हतं. ती यंत्राजवळ आली, स्पिंडल हवेतच अगदी सावकाश फिरवलं आणि वाकून पात्याकडे बघितलं.

"उलटं फिरतंय," ती म्हणाली. "पातं कापतच नव्हतं. लाकडाला घासत होतं. म्हणून धूर."

"मग आता?" मी विचारलं.

"दोन वायरींची अदलाबदल करायची, बस. सुलटं होईल."

मी घाईने मेन स्विच बंद करून स्क्रूड्रायव्हर उचलला. तिने माझं मनगट धरलं. "थांबा. बंद केलं तरी आत वीज साठलेली असते. ते आकडे पूर्ण विझू देत, मग थोडं अजून थांबायचं." आम्ही तिघं त्या विझणाऱ्या आकड्यांकडे बघत प्रसाद खात बसलो. मग तिने कूलरची वायर काढून माझ्या हातात दिली. ती ताठ वायर बसवली, तिची जाळी अर्थला जोडली. त्या जाळीशिवाय स्पिंडलची वीज घरभर खोड्या करते, तीच बेल वाजवत होती आणि तिनेच यंत्राला रस्ता चुकवला, हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की संभाजीरावांनी मान डोलवली, जणू त्यांना आधीपासून हीच शंका होती.

"पण फळीचं काय?" मी विचारलं. "बुधवारी साहेब येणार. असा साग आता कुठे मिळणार?"

"फळी जाड आहे. रेघ वरवरची आहे." ती बोलता बोलता खणातून एक रुंद, चपटं पातं काढत होती. "हे पातं एवढे दिवस पडून होतं. जुन्या वेगाला लावलं असतं तर निखळून अंगावर आलं असतं. आता वेग कमी करता येतो. पूर्ण फळी वरून तासून काढते."

"मग आमच्या बँकेची अक्षरं?" मी विचारलं.

"तीही जातील. दोन्ही नावं नव्याने कोरायची. एकसारखी खोल, एका हाताची."

संभाजीरावांचा चेहरा उजळला.

तिने बटणावर हात ठेवला आणि वेग हळूहळू वाढवला. लाल आकड्यांकडे तिचं लक्षच नव्हतं, ती ऐकत होती. तिच्या माहेरी सकाळ-संध्याकाळ तानपुरा लागायचा, तो कान तिच्याकडे आला आहे. एका ठिकाणी आवाज किंचित चढा लागला तशी तिने केसभर उतरवला, आणि पातं सागात असं शिरलं की पांढरट सोनेरी भुशाची लड बाहेर पडायला लागली. धूर नाही, करपट वास नाही. काळी रेघ फिकी होत गेली, तपकिरी झाली आणि गेली. मी व्हॅक्यूमची नळी धरून उभा होतो. संभाजीराव दिवा धरून उभे होते. दोघांपैकी कोणीही आपल्या बँकेत काय करायचे ते सांगितलं नाही.

दिवेलागणीपर्यंत दोन्ही नावं कोरून झाली. कडा अशा लखलखीत की बोट फिरवावंसं वाटे. संभाजीराव निघताना फळीपुढे दोन्ही हात जोडून उभे राहिले आणि मला म्हणाले, "गोपाळराव, वहिनींनी जे आज जोडलं ना, ते आपल्याला वर्षभरात जमलेलं नाही." मला ते पूर्ण पटलं. मी ते वनमालेला सांगितलंही. ती म्हणाली, "आधी कूलर जोडा." मग वायर उचलून म्हणाली, "नको. मीच जोडते."

बुधवारी शाखेत मोठी गर्दी होती. बोर्ड भिंतीवर चढवायचं काम मी मागून घेतलं, कारण त्यात वीज नव्हती. मी स्टुलावर उभा राहून शेवटचा स्क्रू पिळत असतानाच मोठे साहेब, दौलतसिंह, वेळेआधी येऊन पोचले. त्यांची आणि माझी गाठ तोवर फोनवरच पडली होती. ते बोर्डापुढे थबकले, चष्मा काढून जवळून पाहिलं आणि म्हणाले, "वाह. किसने बनाया?" संभाजीरावांनी वनमालेला पुढे आणलं. साहेबांनी तिला नमस्कार केला, पातं कुठलं, लाकूड कुठलं, सगळं विचारलं, आणि आणखी शाखांचे बोर्ड तिनेच करावेत असं तिथल्या तिथे सांगून टाकलं. मी वर उभा राहून ऐकत होतो. माझा ऊर भरून आला होता आणि स्टूल हलत होतं.

मग साहेबांची नजर माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरवर गेली.

"भैया, उतरने से पहले वो एसी भी देख लेना. बहुत आवाज कर रहा है."

"जी," मी म्हणालो आणि एसीकडे वळलो.

"नहीं नहीं, इनसे नहीं," वनमाला आणि संभाजीराव एकदमच म्हणाले.

साहेबांनी आश्चर्याने विचारलं, "क्यों? ये मिस्त्री नहीं हैं?"

"सर, ये गोपाळकृष्णजी हैं," संभाजीराव म्हणाले. "हमारे इंटिग्रेशन अधिकारी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. समोरासमोर मांडलेल्या खुर्च्यांच्या जोड्यांकडे पाहिलं. मग घरघरणाऱ्या एसीकडे पाहिलं.

"अच्छा," ते म्हणाले. "तो फिर चलने दीजिए. आवाज ही तो कर रहा है, चल तो रहा है."