अर्लीन मागे झोपली आहे

मर्ल लुंडग्रेनने तीस फुटी मोटारघर घेतलं आणि त्याच दिवसापासून त्यातला संडास वापरायला बायकोला बंदी झाली. घाणीची टाकी रिकामी करायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून टाकी फक्त संकटकाळासाठी, असा त्याचा नियम. गाडीत पलंग होता, चूल होती, अंघोळीला गरम पाणी होतं. पण अर्लीनला दर पन्नास मैलांवर उतरून रस्त्याकडेच्या संडासाच्या लाकडी खोपटापर्यंत चालत जावं लागे.

अँकरेजहून वाल्डीझला निघालेल्या या सहलीत जुना शेजारी ऑर्विल आणि त्याची बायको नदीनही होते. खिंडीतल्या हिमनदीपाशी गाडी थांबली तेव्हा अर्लीन मागच्या खोलीत झोपली होती. तिघं बर्फाच्या कडेपर्यंत जाऊन फोटो काढत होते, तेवढ्यात ती उठली आणि नियमाप्रमाणे खोपटाकडे गेली. तिघं परतले. मागच्या खोलीचं दार बंद होतं. मर्ल उदारपणे म्हणाला, झोपू दे तिला, आणि त्याने गाडी हाणली.

पुढचे अठ्ठावीस मैल मर्लला फार सुखाचे गेले. उतारावर ब्रेक कसा लावावा हे त्याने समजावलं, धबधब्यांची नावं चुकीची सांगितली, आणि मेव्हण्याला यंदा थँक्सगिव्हिंगच्या सणाला बोलवायचं नाही, हा पाच वर्षं लोंबकळलेला विषयही बंद दाराकडे तोंड करून काढला. आतून चकार शब्द आला नाही.

"बघ, शेवटी पटलं तिला," तो ऑर्विलला म्हणाला.

वाल्डीझला मोटारघरांच्या तळावर गाडी लावून झाली. नदीन कॉफी घेऊन मागे गेली आणि कप तसाच घेऊन परत आली.

"मर्ल, आत नुसती रजई आहे."

मर्लने बायकोला फोन लावला. तो रजईखाली वाजला.

पोलीस चौकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि अर्लीनच्या अंगावर काय कपडे होते ते विचारलं. जाकीट, मर्ल म्हणाला. रंग? जाकिटाचा असतो तसाच. डोळे? त्यावर त्याने नदीनकडे पाहिलं आणि सांगितलं, तिला चष्मा आहे. ऑपरेशननंतर दोन वर्षांपूर्वीच चष्मा सुटला, असं नदीनने बाईंना हळूच कळवलं. गाडीचं वर्णन विचारताच मात्र त्याने लांबी, उंची, टायरमधली हवा आणि टाकी किती गॅलनची, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि अर्लीनच्या रकान्यांत रेघा मारल्या.

मग तिघं पुन्हा खिंडीत. धुकं उतरलं होतं आणि गाड्या लावायची जागा रिकामी होती. हाका मारून घसे बसले. खोपटामागे अस्वलाची ताजी विष्ठा पडली होती. ती पाहून मर्ल ओल्या पायरीवर मटकन बसला. एकेचाळीस वर्षं बायकोला बटाटे कसे उकडावेत हे शिकवणारा माणूस ऑर्विललाच विचारू लागला, आता काय करायचं.

"ती मागून हाका मारत असेल, ऑर्विल," तो शेवटी म्हणाला, "आणि मी ब्रेकवर बोलत होतो."

ऑर्विलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तासाभराने त्याच पोलीस बाईंची गाडी वर आली. अर्लीन सुखरूप होती. मासळी भरायला निघालेल्या रिकाम्या ट्रकने ती वाल्डीझला पोचली होती आणि आता तळावर शेजारच्या गाडीवाल्यांकडे तळलेला हॅलिबट मासा खात होती. पण त्याआधी ती चौकीत येऊन तक्रार देऊन गेली होती.

"मी तिला सोडून गेलो म्हणून?" मर्लने विचारलं.

"नवरा हरवला म्हणून. दीड पान वर्णन दिलंय." बाई वाचू लागल्या. "डावा गुडघा दुखतो, उजव्या कानाने कमी ऐकू येतं, रक्तदाबाची गोळी दुपारी जेवल्यावर, चौकटीच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं." त्यांनी मान वर करून त्याच्या पोटाकडे पाहिलं. "बटण जुळतंय."

तळावर अर्लीन त्याला एक शब्दही बोलली नाही, रागावली तर मुळीच नाही. त्यानेच तो जास्त घाबरला.

परतीच्या वाटेवर दर दहा मैलांनी तो स्टिअरिंगमागून हाक मारी, "अर्लीन, आहेस ना गं?" ती पलंगावर कादंबरी वाचत पडलेली असे. ती पान उलटवी आणि गप्प राही. मग तो गाडी कडेला घेई, दुखऱ्या गुडघ्याने मागे येई, दार उघडून तिला डोळे भरून पाही आणि परत स्टिअरिंगशी जाई. तीनशे मैलांना दोन दिवस लागले. अर्लीनच्या तेवढ्यात दोन कादंबऱ्या वाचून झाल्या.