चौथा मजला: प्रवेश बंद

निवृत्त लिफ्ट तपासनिसांच्या ब्लॉगला एकूण अकरा वाचक होते आणि त्यांपैकी चार ते स्वतःच होते. एकदा संगणकावरून, एकदा फोनवरून, एकदा बायकोच्या फोनवरून आणि एकदा वाचनालयात जाऊन ते स्वतःचा मजकूर उघडून पाहत, कारण काम झाल्यावर चार ठिकाणांहून तपासल्याशिवाय शेरा मारायचा नाही ही त्यांची एकतीस वर्षांची सवय होती. ब्लॉगचं नाव होतं 'दोन मजल्यांच्या मध्ये'. दर बुधवारी ते त्यात एक आठवण लिहीत. वाढदिवसाचा केक घेऊन अडकलेला आणि सुटका होईपर्यंत तो एकट्यानं संपवलेला गृहस्थ, अडकल्यावर तीन तासांनी बाहेर आलेलं आणि बाहेर येताच पुन्हा भांडायला लागलेलं जोडपं, अशी माणसं तिथे भेटत.

उरलेल्या सात वाचकांपैकी तिघे लिफ्ट दुरुस्त करणारा शोधता शोधता चुकून येत. दोघे जुने सहकारी आपलं नाव कुठे आलंय का ते पाहून जात. एक बायको होती. तिला समोर बसवून वाचायला लावलं जाई. सातव्या वाचकानं स्वतःचं नाव 'चौथा मजला' असं लावलं होतं. दर गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास मजकुराखाली त्याचा एकच शब्द उमटे: "वाचलं."

हा चौथा मजला म्हणजे तपासनिसांची थोरली बहीण, ताई. नऊ वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, ते ताईच्या इमारतीत तपासणीला गेले होते. लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंना आरसे होते, छताला दिवे होते, पण धोक्याची घंटा वाजत नव्हती. तपासनीस बिल्डरांना नेहमी सांगत, "आरसे नंतर बघू, आधी घंटा वाजवून दाखवा." त्यांनी लिफ्टला सील ठोकलं, 'प्रवेश बंद' असा कागद डकवला आणि खाली सही केली. ताईचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. सात महिने ती चार मजले चढली. "सख्ख्या भावानं माझी लिफ्ट बंद केली," असं ती येईल-जाईल त्याला सांगू लागली आणि "नियम म्हणजे नियम," असं हे सांगू लागले. दोघंही एकाच आईची लेकरं, त्यामुळे आधी फोन कोण करणार हा प्रश्नच नव्हता. अबोला धरला तो धरलाच.

म्हणून तो गुरुवारचा शब्द. तपासनीस तो आला की चष्मा पुसत आणि बायकोला म्हणत, "आलाय हं एका वाचकाचा अभिप्राय." बायको म्हणे, "कळलं." त्या एका शब्दावर त्यांचा पुढचा आठवडा निघे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घरी मेहुणा आला. मेहुण्याचा पाण्याच्या टाक्यांचा व्यवसाय होता आणि त्याच्या टाकीला स्वतःची वेबसाइट होती. तीत टाकी गोल गोल फिरायची. त्यानं ब्लॉग पाहिला आणि कुणाचं काही बरंवाईट झाल्यासारखा चेहरा केला.

"भाऊजी, हे काय आहे?"

"ब्लॉग."

"ही शाळेची सूचना वाटते. उघडलं की लगेच मजकूर! माणसाला जरा ताटकळत ठेवाल की नाही? असं लगेच मिळालं की किंमत राहत नाही. डिझायनर गाठा."

तपासनिसांनी रीतसर दोन डिझायनर बोलावले. पहिली मुलगी आली, तिनं पाणी मागितलं, तीन जुन्या आठवणी तिथेच बसून वाचल्या, केकवाल्याला हसली आणि विचारलं, "काका, हे नेमानं वाचणारं सगळ्यात वयस्कर कोण आहे?"

"असतील चौऱ्याहत्तरच्या एक बाई," तपासनीस खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

"मग अक्षर मोठं करते. बाकी काही करू नका. छान आहे."

तिला निरोप देण्यात आला. अक्षर मोठं करायचं तर त्यासाठी तज्ज्ञ कशाला हवा? शिवाय तिचं सगळं बोलणं समजत होतं, ही गोष्ट तपासनिसांना खटकली.

दुसरे गृहस्थ स्वतःला अनुभव-रचनाकार म्हणवून घेत. त्यांनी ब्लॉग वाचला नाही. लांबून, डोळे बारीक करून पाहिला. "सर, वाचकाला वाचायला लावायचं नसतं. त्याला प्रवास घडवायचा असतो."

"कुठला?"

"आतला."

त्यांची स्वतःची वेबसाइट म्हणजे काळा पडदा आणि मध्ये एक ठिपका. तपासनिसांनी ठिपक्यावर सगळीकडून बोट ठेवून पाहिलं, पण त्यांना आत शिरता येईना. ज्या घरात आपल्याला कुणी घेत नाही ते घर मोठ्या माणसाचंच असणार, या न्यायानं काम रचनाकारांना मिळालं. करारनामा चौतीस पानांचा होता. लिफ्टचा एकेक खिळा वाकून पाहणाऱ्या या माणसानं 'मी हे सर्व वाचले असून मला मान्य आहे' या चौकोनात दोन सेकंदांत खूण केली. बायकोनं विचारलं, "काय लिहिलंय त्यात?" ते म्हणाले, "नेहमीचंच."

महिन्याभरात नवा ब्लॉग उभा राहिला. उघडला की आधी लिफ्टचं पोलादी दार दिसे आणि ते सावकाश उघडे. त्याला चाळीस सेकंद लागत. दार उघडलं की पाहुण्याची कोणकोणती माहिती नोंदवली जाईल याची पाटी येई. मग पाहुण्यासाठीही तितक्याच, चौतीस पानांच्या अटी आणि त्यांखालचा चौकोन. मग 'आपण मनुष्य असल्याचे सिद्ध करा' अशी विनंती आणि नऊ चित्रं. हे सगळं पार केलेल्याला मजकुराच्या तीन ओळी मिळत, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात.

"अक्षरं दिसत नाहीत हो," तपासनीस चाचरत म्हणाले.

"सर, त्यांना श्वास घेऊ द्या."

"आणि पूर्ण मजकूर?"

"मजकुरामुळे रचनेवर ताण येतो. पुढच्या टप्प्यात तो आपण टप्प्याटप्प्यानं कमी करणार आहोत."

बायकोनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झालाय." तपासनिसांनी तिला आधुनिकतेवर दहा मिनिटं सुनावलं. पण सुनावतानाच त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण त्या दिवशी गुरुवार होता आणि साडेनऊ वाजून गेले होते.

शब्द आला नाही. पुढच्या गुरुवारीही आला नाही. रचनाकारांचा पहिला अहवाल मात्र आला. वाचकसंख्या अकरावरून दोनवर आली असून याला प्रेक्षकवर्गाचं शुद्धीकरण म्हणतात, असं त्यात नमूद होतं. दुसऱ्या अहवालात आकडा एकदम चार हजारांवर गेला होता. तपासनीस हरखले. चार हजार माणसं रोज येत होती, अटींना दोन सेकंदांत मान्यता देत होती, चित्रं ओळखत होती आणि काहीही न वाचता निघून जात होती. त्यांतली बरीचशी यंत्रं असावीत असं तळटिपेत बारीक अक्षरात म्हटलं होतं, पण चार हजारांपुढे तळटीप कोण पाहतो!

चौथा गुरुवार कोरडा गेला तेव्हा तपासनीस जेवले नाहीत.

"अहो, फोन करा ना ताईंना," बायको म्हणाली.

"मी का करू? वाचायचं तिनं सोडलं."

"तिनं सोडलं की तुम्ही दार लावून घेतलंत?"

"दार चाळीस सेकंदांत उघडतं!" तपासनीस ओरडले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला काहीही होऊ शकतं, हा विचार त्यांच्या मनात चार आठवडे होता. त्यांनी तो आज पहिल्यांदा पुरता मनात येऊ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, आठवणी आधी ज्यांत लिहीत त्या वह्या पिशवीत घालून, ते रचनाकारांच्या कचेरीत गेले. तिथे खुर्च्या नव्हत्या, मोठमोठे चेंडू होते. एका चेंडूवर तोल सावरत त्यांनी विचारलं, "चौथा मजला या नावानं कुणी आलं होतं का, तेवढं बघा."

रचनाकारांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "सर, हा तर आपल्या सुरक्षेचा सगळ्यात मोठा विजय आहे! हे यंत्र एक्केचाळीस वेळा घुसायला बघत होतं. आपण पहिल्याच दिवशी ओळखलं."

"यंत्र? कशावरून?"

रचनाकारांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. नोंद अशी होती: 'पाहुण्याने प्रवेशाच्या अटी पहिल्या पानापासून चौतिसाव्या पानापर्यंत वाचल्या. लागलेला वेळ सत्तेचाळीस मिनिटे. वर्तन मानवी नाही. कायमची बंदी.'

"अहो, ती वाचत होती!"

"तेच तर! माणूस अटी वाचत नाही, सर. लाखो लोकांची आकडेवारी आहे. वरून दर गुरुवारी, त्याच वेळी, तोच शब्द. माणसाला इतका नेम जमतो का?"

"ती माझी बहीण आहे."

"असेल," रचनाकार समजूत घालत म्हणाले, "पण तसा पुरावा यंत्रणेकडे नाही."

बंदी उठवायची सोय होती. ज्याच्यावर बंदी आहे त्यानं ब्लॉगमध्ये शिरून अर्ज करायचा. ते शक्य नसल्यास मालकानं अर्ज करायचा, पण आधी आपण मनुष्य असल्याचं सिद्ध करून. तपासनीस पडद्यासमोर बसले. 'ज्या चित्रांत लिफ्ट आहे ती निवडा,' अशी आज्ञा झाली. एकतीस वर्षं ज्यानं दुसरं काही पाहिलं नाही, त्याच्या पुढ्यात हे ताट आयतंच वाढून आलं. त्यांनी चष्मा लावला आणि बारकाईनं पाहायला सुरुवात केली. दुसऱ्या चित्रात सामान चढवायचा पाळणा होता. नियमाप्रमाणे ती लिफ्ट नव्हे. पाचव्या चित्रात परवान्याची पाटी लावलेली नव्हती, तेव्हा ती लिफ्ट म्हणून धरता येईना. आठव्यात दारात फट दिसत होती. त्यांनी एकही चित्र निवडलं नाही आणि खाली शेरा लिहायला जागा शोधू लागले. यंत्रणेनं तीन संधी दिल्या. तिन्ही वेळा त्यांनी आपलं मत बदललं नाही.

'आपण मनुष्य असल्याची खात्री पटली नाही. मालकास कायमची बंदी.'

"सर, तुम्ही विचार करत बसलात," रचनाकार हळहळले. "माणसं एवढा विचार करत नाहीत."

तपासनीस चेंडूवरून उठले, घरी न जाता थेट बसस्टँडवर गेले आणि पाच तासांनी ताईच्या इमारतीखाली उभे राहिले. लिफ्ट आली. आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी सवयीनं हात आत घालून घंटेचं बटण दाबलं. घंटा खणखणीत वाजली. ती इतकी वाजली की चौथ्या मजल्यावरचं दार उघडून ताई बाहेर आली, आणि लिफ्ट वर पोचली तेव्हा ती कठड्याला धरून समोरच उभी होती.

"लिफ्टमध्ये शिरण्याआधी घंटा वाजवणारा या जगात एकच येडा आहे," ती म्हणाली. "ये, बाळ्या."

बाळ्याला नऊ वर्षं कुणी बाळ्या म्हटलं नव्हतं. ताईनं पाणी दिलं आणि समोर बसली. तिच्या टेबलावर भिंग होतं आणि अटींची चौतीस पानं छापून, टाचून ठेवलेली होती. काही ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"अगं, हे सगळं वाचलंस?"

"तू लिहिलंयस असं वाटलं मला. म्हटलं, बाळ्यानं दाराशी एवढं लिहून ठेवलंय, तर वाचूनच आत जावं. सहाव्या पानावर कळलं की तुझी भाषा नाही. पण अर्धवट टाकायचं कसं?"

"ताई, चुकलं माझं."

"मागच्या वेळी माझी लिफ्ट बंद केलीस ते बरोबर होतं," ताई म्हणाली. "घंटा वाजत नव्हती. तेव्हा मी उगाच राग धरून बसले. पण या वेळी एक्केचाळीस वेळा मी घंटा वाजवली रे. आत तूच बसला होतास ना?"

तपासनीस रडले. ताईनं त्यांना रडू दिलं आणि मग विचारलं, "चार आठवड्यांचं राहिलंय. सोबत आणलंयस की तिथेच कोंडून ठेवलंयस?" वह्या पिशवीत होत्या. त्यांनी रात्रीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रत्येक आठवण संपली की ताई मान डोलावून म्हणे, "वाचलं." वाचत हे होते, पण सवय तिची होती.

आता दर गुरुवारी सकाळी नऊ वाजता ते ताईला फोन करून वाचून दाखवतात. ब्लॉग बंद करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण त्यासाठीही मनुष्य असणं आवश्यक आहे. तो सुरूच आहे. मजकूर उरलेला नाही, अटी आता बावन्न पानांच्या झाल्या आहेत आणि यंदाच्या उत्कृष्ट रचनेचा पुरस्कार त्यालाच मिळाला. परीक्षकांनी तो पूर्ण पाहिल्याचं प्रमाणपत्र दोन सेकंदांत दिलं.

तुम्हीही एकदा जाऊन या. तुम्हाला बंदीची भीती नाही. अशा चौकोनांत आजवर तुम्ही ज्या वेगानं खुणा करत आलात, त्यावरून तुम्ही माणूसच आहात याबद्दल यंत्रणेला कसलीही शंका नाही.